पट्टी एकदा घेतली की

आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलत. भांडकुदळ होते म्हणून नव्हे. पुढच्या खोलीत सात टाइपरायटर होते म्हणून. अक्काचं टायपिंग इन्स्टिट्यूट सकाळी सहाला सुरू होई आणि दिवेलागणीला बंद होई. मधल्या वेळात ज्याला जे सांगायचं असेल ते त्या खडखडाटाच्या वर चढून सांगावं लागे. अक्का म्हणजे माझी आत्या. अण्णांची मोठी बहीण, म्हणून अण्णा तिला अक्का म्हणत. त्यांचं ऐकून आई म्हणे, आईचं ऐकून मी, आणि पुढे पुढे तर नुकत्या मिशा फुटलेल्या शिकाऊ पोरांपासून कोर्टातल्या वकिलांपर्यंत अर्धं धारवाड तिला अक्काच म्हणू लागलं. ओळ संपत आली की यंत्राची घंटी किण् करून वाजते. त्या घंटीची सवय मला इतकी जडली की अजूनही वाक्य जरा लांबलं की मी मध्येच थांबते. लोकांना वाटतं, बाई विचार करून बोलते. कचेरीतली माझी सगळी नोकरी या समजावर निघाली. मी खरं तर घंटीची वाट बघत असते, एवढंच.

मी कमी बोलते याचं दुसरंही एक कारण आहे. ते या प्रकरणात यायचं आहे, आणि ते येईपर्यंत मी स्वयंपाकघर, इन्स्टिट्यूट, शाळा असं फिरत राहणार हे मला दिसतंय. वाचणाऱ्याने थोडं सांभाळून घ्यावं.

तर अक्का. नऊवारीतून सहावारीत आलेली, नाकावर चष्मा, आणि दोन्ही हातांच्या बोटांची टोकं कायमची निळी. टायपिंगच्या कार्बन कागदाचा तो रंग. साबणाने जात नसे, चिंचेने जात नसे. आई भाकरी थापताना म्हणायची, "अक्का, तुम्ही पिठाला हात लावू नका, अण्णांना वाटेल बुरशी आली." अक्काचा गावात दबदबा होता तो तिच्या तोंडबंद स्वभावामुळे. वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, घटस्फोटाचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं तिच्याकडे टाइप व्हायला येई आणि तिच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडत नसे. कोणाच्या घरात काय शिजतंय हे तिला ठाऊक असूनही ती हळदीकुंकवाला जाऊन फक्त डाळीची वाटी खाऊन परत येई. गुप्त कामाचा कार्बन ती त्याच दिवशी न्हाणीघरातल्या बंबात टाकी. "कागद जातो, कार्बन राहतो," असं ती शिकाऊ मुलांना बजावायची. "कार्बन उजेडात धरला की सगळं वाचता येतं. म्हणून आधी कार्बन जाळायचा, मग चहा."

या इतक्या कडक बाईचं एक लफडं होतं आणि ते आम्हा घरच्यांनाच माहीत होतं. अक्का कसूती भरायची. आमच्याकडे इरकली लुगड्यावर गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं भरतात ती कसूती. तिचा नियम असा की कापडावर रेघ काढायची नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि मोजून टाका घालायचा. मागून गाठ दिसता कामा नये. गल्लीतल्या सगळ्या बायका धागे मोजत. दिवसभर टाइप करून अक्काचे डोळे इतके शिणत की तिला धागा काय, कधीकधी कापडही दिसत नसे. म्हणून ती वापरलेला कार्बन कापडावर ठेवून वर नक्षीचा कागद ठेवी, पेन्सिलीने गिरवी, आणि त्या निळ्या रेघांवर टाके घाली. मग रात्रभर रिठ्याच्या पाण्यात भिजवून रेघा घालवी आणि बायकांना दाखवी. बायका म्हणत, "अक्का, काय हो मोजणी तुमची!" अक्का चष्मा पुसत म्हणे, "सवय." दारात कोणाची चप्पल वाजली की कार्बन गादीखाली सारायचा, हे काम माझं होतं. गिरवायचं कामही माझंच, कारण माझा हात स्थिर होता. आमच्या घरातलं हे एकुलतं एक पाप, आणि मी त्यात लहानपणापासून भागीदार होते.

आमची शाळा मराठी. धारवाडात मराठी शाळा म्हणजे वर्गात पोरं कमी आणि बाकं जास्त. वकिलांची, मास्तरांची, कारकुनांची मुलं, आणि अळणावरकडच्या खेड्यांतून सकाळच्या पॅसेंजरने येणारी सातआठ मुलं. इनामदार सर गणित शिकवत, कवायत घेत, शाळेची घंटा बिघडली तर दुरुस्त करत, आणि लुनावरून फिरत. एका वर्षी त्यांनी मनावर घेतलं की हुबळीच्या क्विझमध्ये आपला संघ उतरवायचा. तोवर क्विझ हा इंग्रजी शाळांचा खेळ होता. सरांचा सिद्धांत असा की जगात एकंदर सातशेच प्रश्न आहेत, तेच फिरून फिरून येतात. ते पाठ झाले की विषय संपला. हे सातशे प्रश्न त्यांनी एका लांबलचक वहीत उतरवून काढले होते. वहीचा पुठ्ठा पहिल्या पानासकट फाटला होता, म्हणून पहिले बारा प्रश्न आम्हाला कधीच कळले नाहीत.

संघ तिघांचा. मी कप्तान, कारण माझं अक्षर चांगलं होतं. क्विझमध्ये अक्षराचा काय उपयोग हे सरांना कोणी विचारलं नाही. दुसरा मुकुंद, वकिलांचा मुलगा, ज्याला प्रश्न संपायच्या आधी उत्तर येई. ते बरोबर असे असं मात्र नाही. तिसरा यल्लाप्पा. यल्लू. अळणावरजवळच्या खेड्यातला. त्याचे वडील जंगलातल्या लाकडाच्या डेपोवर कामाला होते. यल्लूला झाडं, पक्षी, नद्या, तारे, यंत्रं सगळं ठाऊक होतं, आणि जे ठाऊक होतं ते हाताळलेलं होतं. पुस्तकातून शिकलेलं उत्तर तो चाचरत देई. पाहिलेल्या वस्तूचं उत्तर मात्र असं देई की सरसुद्धा वही बंद करत.

अडचण मुकुंदची होती. तो बेल वाजवायचा आणि मग आठवायचा. म्हणून सरांनी पट्टीची पद्धत काढली. आमच्यापुढे टेबलावर एक फुटाची लाकडी पट्टी आडवी ठेवायची. ज्याला उत्तर नक्की, अगदी नक्की माहीत आहे त्याने पट्टी आपल्याकडे ओढायची. पट्टी हलली की मी बेल वाजवायची आणि पट्टीवाल्याने बोलायचं. दोघांचे हात एकदम पट्टीवर पडले तरच कुजबुज करायची. इतर शाळांची मुलं कानाला लागून बोलत, पण आमच्या संघात मी मुलगी, आणि दोन मुलग्यांच्या कानाला लागून बोललेलं धारवाडात कसं दिसेल याची सरांना काळजी होती. सरांच्या त्या लाजेतून ही शिस्त जन्माला आली. तिला एक पोटनियम होता: पट्टी एकदा घेतली की परत ठेवायची नाही. उत्तर द्यायचंच. मुकुंदने चुकीची पट्टी ओढली की त्याला सतराचा पाढा उभ्याने म्हणावा लागे. तीन महिन्यांत त्याचा सतराचा पाढा इतका पक्का झाला की तो अजून हुबळीच्या कोर्टात पक्षकारांसमोर म्हणतो असं ऐकलंय.

सराव आमच्या घरी होई, इन्स्टिट्यूटच्या मागच्या पडवीत. आई मोठ्या परातीत गिरमिट कालवी: चुरमुरे, चिंच-कांद्याचा मसाला, वर फुटाण्याचं पीठ. यल्लू पहिल्या दिवशी खाईना. आईने विचारलं, "का रे, तिखट आहे?" तो म्हणाला, "नाही काकू, थोडं घरी नेऊ काय? अप्पांना आवडतं." त्यानंतर आई त्याची पुडी आधीच बांधून ठेवायची, आणि तो पुडी गाडीतच संपवतो हे तिला माहीत असूनही बांधायची.

या क्विझला यल्लूच्या दृष्टीने जो अर्थ होता तो मला सरांनी सांगितला. जिंकणाऱ्या संघातल्या मुलांना दहावीनंतर हुबळीच्या एका कॉलेजात दोन वर्षं प्रवेश आणि वसतिगृह मिळणार होतं. मला आणि मुकुंदला त्याचं काही नव्हतं, आम्ही कुठूनही कॉलेजात जाणारच होतो. यल्लूच्या अप्पांनी मात्र डेपोवर त्याच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. सर लुना घेऊन त्यांच्या गावी गेले, वाटेत दोनदा ढकलत, आणि अप्पांना म्हणाले, "एकदा हुबळीला येऊन पोराला बघा. मग काय ते ठरवा." अप्पा म्हणाले, "जिंकला तर शिकवतो, सर. हरला तर मला विचारू नका."

आता तो कार्बन.

स्पर्धेच्या चार दिवस आधी एक गृहस्थ अक्काकडे आले आणि दाराआड काहीतरी बोलून गेले. अक्काने दुपारी इन्स्टिट्यूट बंद केलं, एकटीने टाइप केलं, आणि पाकिटाला लाख लावली. क्विझचे प्रश्न होते. माझी भाची त्यात भाग घेतेय, असं तिने त्यांना सांगितलं होतं, हे मला फार उशिरा, त्या गृहस्थांकडूनच कळलं. ते म्हणाले होते, "अक्का, तुमच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?" नियमाप्रमाणे कार्बन बंबात जायला हवा होता. पण तो नवा कोरा होता, त्या दोनतीन पानांपुरताच वापरलेला, आणि अक्काचं एक गोपूर अर्धं राहिलं होतं. जुन्या कार्बनने रेघ उठत नव्हती. आयुष्यात एकदाच अक्काने चहा आधी घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्बन माझ्या हातात देऊन म्हणाली, "खिडकीत बसून राहिलेलं गोपूर गिरव. आणि इकडेतिकडे बघू नको." बघू नको म्हटल्यावर मला बघायचं काय आहे ते कळलं.

मी खिडकीत कार्बन उजेडासमोर धरला. सगळ्या पानांना तोच कार्बन लावल्याने बहुतेक ओळी एकावर एक चढलेल्या होत्या. चार मात्र स्वच्छ होत्या, काळ्यानिळ्या कागदात उजेडाची अक्षरं. प्रश्न आणि पुढे कंसात उत्तर. आईने आतून हाक मारली, "नलू, झालं का गं?" मी "होतंय" म्हणाले आणि पुन्हा एकदा वाचलं. मग गोपूर गिरवलं. माझी रेघ जराही हलली नाही. याचा मला पुढे फार राग येत राहिला.

हुबळीला, केशवापुरातल्या एका मोठ्या हॉलमध्ये क्विझ झालं. स्टेजवर सहा संघ. इंग्रजी शाळांच्या मुलांना टाय होते. मुकुंदने वडिलांचा वकिली पांढरा पट्टा बांधून यायचा हट्ट धरला होता, तो सरांनी बसस्टॉपवर सोडवला. प्रश्न इंग्रजीत आणि मग कन्नडमध्ये विचारत. तिसऱ्या रांगेत अक्का, आई आणि अण्णा. सगळ्यांत मागे, दाराजवळ, खुर्ची रिकामी असूनही उभे असलेले यल्लूचे अप्पा. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, आणि दोन्ही हात समोर धरलेले, जणू कोणी आत्ता ओझं देणार आहे.

आम्ही बरे खेळलो. यल्लूने पट्टी चार वेळा ओढली, चारही बरोबर. मुकुंदने एकदा ओढली आणि, सांगायला हवं, बरोबर ओढली. त्याचं त्यालाच इतकं नवल वाटलं की तो उत्तर देऊन झाल्यावरही उभाच राहिला. मग प्रश्न आला: पाण्यावर तरंगणारी बेटं असलेलं लोकटक सरोवर कोणत्या राज्यात? पट्टी मी ओढली. "मणिपूर." अक्काने टाळी वाजवली. मग आला मंगोलियाच्या राजधानीचा प्रश्न. पट्टी पुन्हा मी ओढली. "उलान बातोर." सरांच्या सातशे प्रश्नांत हे नव्हतं, सर मागे वळून लोकांना "माझी विद्यार्थिनी" असं सांगत होते. अक्काने टाळी वाजवायला हात उचलले, आणि ते अर्ध्यावर थांबले. ते नाव टाइप करताना तिचं स्पेलिंग चुकलं होतं, तिने खोडून पुन्हा केलं होतं, हे कार्बनवर दिसत होतं. ते तिच्या बोटांना आठवलं असणार. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने हात उलटे केले आणि आपल्या निळ्या बोटांकडे बघत बसली. माझ्याही पहिल्या दोन बोटांवर निळं होतं. मी ती टेबलाखाली घेतली.

शेवटच्या प्रश्नाला आम्ही आणि हुबळीची एक इंग्रजी शाळा बरोबरीत होतो. प्रश्न आला: क्रिकेटची बॅट कोणत्या झाडाच्या लाकडाची करतात?

कार्बनवरची तिसरी ओळ. उत्तर होतं विलो. ते झाड मी कधी पाहिलं नव्हतं, अजूनही पाहिलेलं नाही. माझे ओठ हलले, आणि तेवढ्यात यल्लूने पट्टी ओढली. सावकाश नव्हे, झडप घालून. अळणावरच्या पोराला लाकडाचा प्रश्न! त्याचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, याला माहीत असेल. मला एवढंच करायचं होतं की पट्टीच्या दुसऱ्या टोकावर बोट ठेवायचं. बोट ठेवलं असतं तर कुजबुज झाली असती. मी हात टेबलाखालीच ठेवला आणि दुसऱ्या हाताने बेल वाजवली.

यल्लू उभा राहिला. "शिवण."

प्रश्न विचारणारे गृहस्थ कन्नडमध्ये "काय?" म्हणाले, "एनु?"

"शिवणीचं लाकूड, सर," यल्लू म्हणाला, मराठीत, कारण तो खुशीत होता. "हलकं असतंय. फुटत नाही. बॉल लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. अप्पांनी मला केलेली आहे की."

हॉल हसला. दुष्टपणे नाही, पण शेपाचशे माणसं सहज हसली तरी त्याचा आवाज मोठाच होतो. आणि मागे, दाराजवळ, अप्पांनी मान डोलावली. उत्तर बरोबर आहे, हे त्यांना ठाऊक होतं. बॅट त्यांनीच केली होती. पलीकडच्या टेबलावरची बेल वाजली, टायवाला मुलगा "विलो" म्हणाला, टाळ्या पडल्या, आणि अप्पा त्या टाळ्यांतही मान डोलावतच राहिले. त्यांच्या शेजारच्या कोणीतरी त्यांना समजावून सांगेपर्यंत.

परतीच्या बसमध्ये सर म्हणाले, "सातशे एकावा प्रश्न निघाला, काय करणार," आणि सगळ्यांना शेंगा वाटल्या. यल्लू माझ्या पुढच्या बाकावर होता. नवनगर येईपर्यंत तो शेंगा नुसत्या सोलत होता. मग मागे वळून म्हणाला, "माझ्यामुळे गेलं." मुकुंद म्हणाला, "सतराचा पाढा म्हण, बरं वाटतं." यल्लूने खरंच म्हटला, निम्मा. मी खिडकीबाहेर बघत होते. अक्का माझ्या शेजारी होती आणि तिने पूर्ण वाटेत एकच वाक्य उच्चारलं: "भूक लागलीय का?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मलाही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातले सगळे कार्बन, गादीखालचेसुद्धा, बंबात गेले. त्या दिवशीच्या आंघोळीच्या पाण्याला विचित्र वास होता, अण्णांनी विचारलं तेव्हा अक्का म्हणाली, "लाकूड ओलं आहे." आणि त्यानंतर अक्का धागे मोजायला लागली. दोन चष्मे एकावर एक लावून, खिडकीत बसून, ओठ हलवत, एक-दोन-तीन-चार. पंधरा दिवसांत एक तुळस भरून झाली आणि ती वाकडी झाली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "अक्का, हात बसेनासा झाला का हो?" अक्का म्हणाली, "वय झालं." त्या वेळी ती चाळीसची असेल. आम्ही दोघींनी त्या दिवसाबद्दल पुढे कधीही, अगदी तिच्या शेवटच्या आजारातही, एक शब्द काढला नाही. तोंडबंद घराणं आमचं.

यल्लू जूनपासून डेपोवर जायला लागला. मी कॉलेजात गेले. आणि मी स्वतःला एक गोष्ट सांगायला लागले: की मी चोरून पाहिलं, हे वाईट, पण ऐन वेळी मी चोरीचा उपयोग केला नाही, प्रामाणिक राहिले, आणि त्या प्रामाणिकपणाची किंमत दुर्दैवाने यल्लूने मोजली. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत इतकी घासून पुसून ठेवली की ती कसूतीसारखी झाली: दोन्ही बाजूंनी सारखी, मागून गाठ दिसत नाही.

मागच्या वर्षी अक्का गेली. तिच्या ट्रंकेत तळाशी ते अर्धं गोपूर निघालं, कधीही न धुतलेलं. खालचे तीन मजले टाक्यांचे, वरचे दोन नुसत्या निळ्या रेघांचे, माझ्या हातच्या. ते चौकटीत बसवावं असं मनात आलं. रायापूरला बसस्टॉपजवळ यल्लूचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. डेपोतून सुतारकामात, तिथून स्वतःच्या दुकानात, असा तो चढत आला. नवनगरला माझं घर आहे, म्हणजे धारवाडला जाता-येता बसने त्या दुकानावरून मी गेली कित्येक वर्षं जातेय, दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसून. परवा मी तिथे उतरले.

"नलू?" त्याने चष्मा कपाळावर चढवला. "अगं, कप्तान! बस, बस. ए, चहा सांग रे दोन!" केस पांढरे, अंगभर भुसा. त्याच्या मुलीने मला वाकून नमस्कार केला तेव्हा तो तिला म्हणाला, "हीच ती. सांगतो बघ मी नेहमी, शिवणीच्या बॅटवाली." आणि माझ्याकडे वळला. "हिला पाठ आहे ती गोष्ट. तुला उत्तर येत होतं गं. मी बघितलं होतं, तुझे ओठ हलले. पण मागे अप्पा उभे होते, म्हणून तू मला बोलू दिलंस. एवढं मोठं मन. आणि मी गाढवाने काय केलं, शिवण!" तो हसला. मुलगीही हसली, तिला ते ऐकायची सवय होती.

मी कापडाची गुंडाळी मांडीवर धरून बसले. घंटी वाजत नव्हती. मुलगी आत गेल्यावर यल्लू म्हणाला, "काय झालं? चौकटीसाठी आलेलं माणूस असं बसत नाही." त्याने कामाच्या टेबलावरून लाकडी पट्टी उचलली आणि माझ्यापुढे सरकवली. "घे. सरांचा नियम आहे. बोल."

मी पट्टी घेतली. कार्बन सांगितला, खिडकी सांगितली, विलो सांगितलं. प्रामाणिकपणाची ती गोष्टही सांगितली, घासूनपुसून. यल्लू ऐकत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "कार्बनवर एकच प्रश्न होता?"

लाकडाला कुठे पोकळी आहे ते वाजवून बघणारा माणूस तो.

"चार वाचता आले," मी म्हणाले. "एक विचारलाच नाही. बाकीचे दोन मी..."

"मणिपूर," तो म्हणाला. "आणि ते उलान का काय."

"हो."

"मग शेवटच्याला काय झालं?"

"अक्काला कळलं होतं. ती बोटांकडे बघत होती. मी घाबरले, यल्लू. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. तिसऱ्यांदा बोलले तर पकडली जाईन, एवढंच होतं."

"म्हणजे दोन वेळा चोरी चालली," यल्लू म्हणाला, "आणि तिसऱ्यांदा जिथे माझं काम होतं तिथे देव आठवला होय?" मला वाटलं तो आता उठेल. पण त्याचे ओठ हलत होते. तो हिशेब करत होता. "थांब, थांब. दोन प्रश्नांचे वीस मार्क वजा कर. आपल्या मागे दोन संघ दहा-दहाने होते, फळ्यावर होतं, मला दिसतंय अजून. म्हणजे आपण..." त्याने टेबलावर थाप मारली. "आपण चौथे होतो गं! आणि मी आयुष्यभर सांगतोय, माझ्यामुळे हरलो, माझ्यामुळे हरलो! अगं, आपण त्या शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचायलाच नको होतं!" तो इतका हसला की आतली मुलं रंधा थांबवून बघायला लागली. मीही हसले. चहा आला. त्याने कपाला हात लावला आणि लावलेलाच ठेवला.

"पण तू बोट ठेवलं असतंस तर," तो म्हणाला, "मी कॉलेजला गेलो असतो की, नलू."

मी म्हणाले, "हो."

मी गुंडाळी उलगडून ते अर्धं गोपूर टेबलावर पसरलं. मग मी पट्टी त्याच्यापुढे सरकवली. त्याने तिच्याकडे बघितलं, हात पुढे केला, मागे घेतला, आणि मग ती उचलली. काही बोलेल असं वाटलं. त्याने पट्टीने कापडाची लांबीरुंदी घेतली, पेन्सिलीने फळीच्या तुकड्यावर लिहिली, आणि पट्टी खाली ठेवायच्या ऐवजी शर्टाच्या खिशात खोचली. निम्मी बाहेर राहिली.

"रविवारी ये," तो म्हणाला. "चौकट होईल. उत्तर पण तेव्हाच देतो. आत्ता तोंडावर जे येतंय ते नक्कीवालं नाही."

आज शुक्रवार आहे. हे प्रकरण मी आजच संपवून, पाकिटात घालून, छापणाऱ्यांच्या पत्त्यावर पोस्टात टाकून येणार आहे. रविवारी त्याच्या तोंडून काय निघेल ते मला माहीत नाही. निघाल्यावर मी इथल्या वाक्यांना इकडून तिकडून हात लावीन, एखादी निळी रेघ धुऊन काढीन, ही भीती मला माझ्याबद्दल आहे. माझा हात अजून स्थिर आहे.